काकणभर उंच ओटा

थोरलीला धाकट्या जावेचा हेवा वाटतो, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. "मला कशाला बाई कुणाचा हेवा वाटेल!" असं ती कोणी विचारलेलं नसतानाही सांगायची, आणि ऐकणारा मान खाली घालून चहा प्यायचा.

घर सासऱ्यांनी बांधलेलं, जुनं. त्यांच्या माघारी दोघा भावांनी मधे भिंत घालून ते वाटून घेतलं. पण रविवारचं जेवण मात्र एकत्र, आणि तेही थोरलीकडे. सव्वीस वर्षं त्या काळवंडलेल्या ओट्याशी उभं राहून तिने रविवारी दहा-दहा माणसांचा स्वयंपाक केला होता. बाकीचे सहा दिवस ती शाळेच्या कचेरीत कारकुनी करायची. तिथे तिला कुत्रंही विचारत नसे. रविवार मात्र तिचा होता.

मग धाकटीने आपलं स्वयंपाकघर नवं केलं. पांढऱ्या फरशा काय, आवाज न करता मिटणारे खण काय! एका रविवारी दीर म्हणाले, "वहिनी, आज आमच्याकडेच बसू या का? तिकडे उजेड चांगला आहे."

"बसू या की," थोरली हसून म्हणाली. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. त्यानंतर सलग चार रविवार तिकडेच पंगत बसली, आणि थोरलीच्या वाट्याला वाट्या पुसायचं काम आलं. तिची स्वतःची मुलगी म्हणाली, "काकूच्या किचनमध्ये कसं मोकळं वाटतं ना!" त्या दिवशी थोरली जेवलीच नाही.

तिने नवऱ्यामागे टुमणं लावलं. अखेर गवंडी आला. म्हातारा, कामात मुरलेला माणूस. म्हणाला, "बाई, सरळ उभ्या राहा. हात कोपरात दुमडा. कोपराच्या खाली चार बोटं, तिथे ओटा."

"माप आहे माझ्याकडे," थोरली म्हणाली आणि तिने मुठीतली सुतळी पुढे केली. आदल्या दिवशी ती वाटीभर साखर मागायला जावेकडे गेली होती. धाकटी फोन घ्यायला आत वळताच बाईंनी जमिनीपासून ओट्यापर्यंत सुतळी लावून गाठ मारली होती.

गवंड्याने सुतळी पाहिली, मग थोरलीला पाहिलं. "तुम्हाला उंच पडेल हो."

"पडू दे. उलट आणखी दोन बोटं वर घ्या. काकणभर सरसच हवा."

"कुणापेक्षा?"

"तुम्ही घ्या हो मुकाट्याने!"

आता धाकटी म्हणजे चांगली ताडमाड, आणि थोरली जेमतेम तिच्या खांद्याला लागणारी. पण पोटात दुखायला लागलं की माणसाला स्वतःची उंचीही दिसत नाही.

तीन आठवडे घरभर धूळ होती. बाहेरच्या खोलीत शेगडी मांडून थोरलीने दिवस काढले. पण स्वयंपाकघर झालं मात्र देखणं. नवी मोठी खिडकी, फिकट हिरव्या फरशा, काळा चकचकीत ओटा. पहिल्याच दिवशी कांदा चिरताना तिचे खांदे कानाला टेकले. कणीक मळायला जोर लावावा तर हात वरून पडेचना. नवरा म्हणाला, "पायाखाली पाट घे की." तिने असं पाहिलं की तो वर्तमानपत्रात शिरला. पाट तिने घेतला, पण कोणी नसताना, आणि एकदा त्यावरून पडता पडता वाचली. शनिवारपर्यंत खांदे ठणकायला लागले. तरी रविवारचं आमंत्रण तिने केव्हाच देऊन ठेवलं होतं.

सगळे आले. धाकटीने ओट्यावरून हात फिरवला. "ताई, माझ्यापेक्षा कितीतरी छान झालंय. मला तर हेवाच वाटतोय."

हे ऐकायला थोरलीने जिवाचं रान केलं होतं. तिने ऐटीत परात पुढे ओढली, दोन गोळे मळले, आणि खांद्यात अशी कळ आली की तोंडातून "आई गं" निघालं.

"आईला ओटा फार उंच पडतो," मुलीने सांगून टाकलं.

"सरका हो ताई. बसा तुम्ही आज," म्हणत धाकटी पुढे झाली. ती उभी राहिली आणि ओटा बरोबर तिच्या कोपराखाली आला. चार बोटं, ना कमी ना जास्त. "अगंबाई! हा तर मला माझ्या ओट्यापेक्षा बरा पडतोय. माझा दोन बोटं खालीच झालाय, कंबर धरते हो रोज. तुम्हाला कसं सुचलं?"

थोरली खुर्चीत बसली. धाकटीचे लांब हात सराईतपणे फिरत होते, मुलं तिच्याभोवती घोटाळत होती, नवा उजेड सगळा तिच्यावर पडला होता. थोरलीला ते पाहवेना, आणि उठून जायला जागाही नव्हती. घर तिचंच होतं.

"झकास! आता दर रविवारी इथेच," थोरलीचा नवरा बोटं चाटत म्हणाला.

"हो, आणि मीच येऊन करत जाईन. ताईंनी नुसतं बसायचं," धाकटी वाढता वाढता म्हणाली, अगदी मनापासून.

थोरलीने "बरं" म्हटलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. आणखी एक शब्द बोलली असती तर सगळ्यांदेखत रडली असती.