सूनबाईचं पान

चाकवत शिजायला लागला की त्याच्या ओल्या, मातकट वासानं मला देवासचं आमचं कारखान्याजवळचं क्वार्टर आठवतं. पंचाहत्तरच्या सुमाराची थंडी होती आणि मला पाचवा महिना होता. घरात आधी पुरुष जेवत, मग सासूबाई आणि मी. तोवर भाजी संपलेली असे आणि आम्ही लोणच्याशी पोळी खात असू. एका सकाळी नळावर मला चक्कर आली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी माझी पापणी ओढून पाहिली आणि त्या सासूबाईंना म्हणाल्या, “अम्मा, बहू में खून बहुत कम है. दाल, हरी सब्जी, गुड़-चना खिलाओ, नहीं तो दोनों को खतरा है.” त्या संध्याकाळी मामंजी, म्हणजे माझे सासरे, पानावर बसले, पण भाताला हात लावेनात. “आधी सूनबाईचं पान वाढा,” ते म्हणाले. सासूबाई चपापल्या. “आपल्या धारच्या घरी असं कधी झालंय का?” “नाही झालं, म्हणून तर म्हणतोय.” मी लाजेनं मान खाली घालून बसले. सासूबाईंनी मला वाटीभर चाकवत वाढला आणि पानात गुळाचा खडा ठेवला. पुढे रोज त्याच मला हाताला धरून आधी बसवू लागल्या. मुलगी धडधाकट जन्मली. सासूबाई स्वतः मात्र शेवटपर्यंत सगळ्यांच्या मागूनच जेवल्या, आणि त्यांनाही माझ्या शेजारी बसवायला हवं होतं, हे मला त्यांच्या वयाची झाल्यावर सुचतंय.