विमानांच्या मैदानावरची ठकूबाई

सकाळी मी सायकलवरून मैदानावर पोचायच्या आत ठकूबाईचा ओचा खड्यांनी भरलेला असे. अनवाणी, मान खाली घालून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, पायाला टोचेल तो खडा वेचायची आणि बांधापलीकडे नेऊन टाकायची. झाडूनं हे काम लवकर होईल, असं मी एकदा सुचवलं.

"झाडूला टोचतंय व्हय दादा?" ती म्हणाली. "इमान एवढं वरनं येतंय. पयलं पाऊल तरी सुखानं टेकू द्या की."

सोलापूरबाहेर, होटगीच्या वाटेवर, टपालाची विमानं उतरावीत म्हणून ते मैदान केलं होतं. पत्र्याची एक शेड, पेट्रोलचे डबे, वारा दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी आणि मी एक कारकून. त्याआधी त्या माळावर ठकूबाईची मेंढरं चरायची. नवरा केव्हाच वारला होता. माळ गेला तेव्हा तिला आणि तिच्या तरण्या बिरूला तिथंच राखणीला ठेवलं. विमान येणार अशी तार आली की ती ओला पाला पेटवून धूर करायची. वैमानिकाला त्यावरून वारा कळे. तिचंच एखादं मेंढरू आत शिरलं, तर परक्याचं असावं तशा शिव्या देत त्याला हाकलायची.

एकदा एका विमानाचं इंजिन बिघडलं. दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीला मदतीला लागलेल्या बिरूचा हात इतका आवडला, की जाताना तो त्याला कराचीला घेऊन गेला. विलायतेची मोठी विमानं तेव्हा हिंदुस्थानात पहिल्यांदा तिथंच टेकत. ठकूबाईनं अडवलं नाही. "पोरगं हुशार हाय, मेंढरामागं कशाला मरू दे?" एवढंच म्हणाली. पण त्यानंतर ती भाकरी खायला बसे ती विमानं जिकडे दिसेनाशी होत तिकडे तोंड करून.

पुढे एक पारशी वैमानिक दुरुस्त केलेलं विमान तपासायला वर नेणार होता. मागची जागा रिकामी होती. त्यानं गमतीनं ठकूबाईला विचारलं, "मावशी, चलते क्या?" ती नाही म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वरनं कराची दिसंल का वो?"

 ती पदर कमरेला खोचून चढली. विमानानं गावावरून एक फेरी घेतली आणि ते उतरलं. ती खाली आली, शेडच्या सावलीत बसली.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"तळं दिसलं. गिरणीची चिमणी दिसली. आपलं मैदान ह्ये एवढं, चादरीवानी." मग ती म्हणाली, "एवढं वर जाऊन बी दिसंना. ल्येक लई लांब गेला, दादा."

त्या दिवशी टपालाचं विमान आलं तेव्हा धूर मी केला.

काही वर्षांनी विमानं मोठी झाली आणि त्यांना सोलापूरला टेकायची गरज उरली नाही. मैदान बंद झालं. बिरू आईला न्यायला आला. आता तो बूट घालत होता आणि मध्येच हिंदी बोलत होता. मेंढरं दिराकडे देऊन ठकूबाई आगगाडीत बसली. खिडकीतून ती माझ्याकडे बघत होती. मी शहरातल्या कचेरीत परतलो. टेबलाशी बसलो की मोकळ्या माळाची सय यायची.

पुढे चुलतभावाच्या लग्नाला बिरू आला, तेव्हा मुद्दाम मला भेटून गेला. आई कशी आहे, म्हणून मी विचारलं.

"बरी हाय. विमानतळाजवळच खोली मिळालीय. पण मुंबईकडनं इमान आलं की कुंपणाशी जाऊन उभी ऱ्हाती. उतरणाऱ्याला इचारती, सोलापूरला पाऊस झाला का."

"त्यांना तिचं बोलणं कळतं?"

"न्हाय की. मी लई सांगितलं, आये, ही मानसं सोलापूरची न्हाईत." बिरूनं नजर खाली वळवली. "ती म्हनती, नसू देत. वरनं आल्यात. वाटंत कुटंतरी दिसलं असंल."