दिवस मावळायच्या आत

नाताळची सुट्टी लागली होती. शहाण्णव साल सरायला चार दिवस उरले होते. सकाळी चहाचा कप खाली ठेवत रघुनाथ वकिलांनी जाहीर केलं, "आज इंदापूरकडे, धरणाच्या पाण्यावर जाऊ. घाई कसली नाही. निवांत जायचं, निवांत यायचं."

अंगणात गाडीची काच पुसणारा भिमा दाराशी आला.

"साहेब, दिवस मावळायच्या आत परतायचं न्हवं?"

"येऊ रे. तुला काय कोर्टाची तारीख आहे?"

भिमा पिंपळीचा, वय एकेचाळीस. बाप मेंढरं राखायचा. भिमानं काठी सोडून स्टिअरिंग धरलं. बारामतीत वकिलांच्या अ‍ॅम्बेसेडरवर त्याला आठ वर्षं झाली होती आणि गाडीवर एक ओरखडा नव्हता. पण गेली दोन वर्षं अंधार पडला की त्याला दिसेनासं व्हायचं. हे फक्त त्याच्या बायकोला, म्हाळसाला ठाऊक होतं. ती कधी शेवग्याचा पाला, कधी बोकडाची कलेजी खाऊ घालायची. फरक पडत नव्हता. वकील संध्याकाळी फारसे बाहेर पडत नसत. पडायचं ठरलंच तर भिमाला ताप यायचा किंवा घरी पाहुणे यायचे. एकदा तर त्यानं धडधाकट मामा मारून टाकला होता.

वकील पुढं बसले. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई आणि बारा वर्षांची अबोली मागं. बाई शाळेत शिकवायच्या. लासुर्णे, अंथुर्णे, मग इंदापूर. पाण्याकाठी धपाटी खाल्ली, अबोलीनं पक्षी मोजले, वकिलांनी बाभळीखाली डुलकी काढली. भिमाचं ध्यान सूर्याकडे. चारला डबे गाडीत गेले आणि त्याला हायसं वाटलं.

निमगावापाशी एक माणूस हात करत रस्त्यात आला. वकिलांचा अशील, दादासो.

"साहेब, रानावरनं तसंच जाताय व्हय? हुरडा कवळा हाय. उतरा!"

"साहेब, उशीर व्हतोय," भिमा पुटपुटला.

"घाई नाही म्हटलं ना!" वकील उतरलेसुद्धा.

आगटी पेटली. कणसं भाजली जात होती, लसणाची चटणी आली, दादासोच्या गप्पांना अंत नव्हता. ज्वारीच्या सावल्या लांबत बांधापलीकडे गेल्या. त्यानं गाडीच्या दिव्यांच्या काचा तीनदा पुसल्या. सरोजिनीबाई त्याला आणखी हुरडा द्यायला आल्या तेव्हा तो म्हणाला, "बाई, मला..."

"काय हो भिमराव?"

"न्हाय, काय न्हाय. ग्वाड हाय हुरडा."

निघायला सव्वासहा वाजले. समोर आभाळ अजून तांबडं होतं, पण त्याच्याखालचा रस्ता भिमाला दिसत नव्हता. शेळगावापाशी एक एसटी पुढं गेली. तिचे मागचे दोन लाल दिवे त्यानं धरले. ते वळले की हा वळायचा.

"काय चिकटलायस तिला? काढ पुढं," वकील म्हणाले आणि पुन्हा पेंगू लागले.

अंथुर्ण्याच्या अलीकडे एसटीनं वेग घेतला आणि ते दोन दिवे गेले. समोरून उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आला. त्याचा उजेड डोळ्यांत घुसला, निघून गेला, आणि मागं नुसता काळोख राहिला.

"भिमराव, बैलगाडी!" मागून बाई ओरडल्या.

भिमानं पायातला सगळा जोर ब्रेकवर टाकला. बैलगाडीतून मागं लोंबणारं उसाचं वाढं बॉनेटवरून खरडत काचेवर आपटलं. पुढं बैलांच्या घुंगरांचा आवाज तसाच चालत राहिला. गाडीवानाला काही कळलंही नव्हतं.

वकील दचकून उठले. "झोपलास की काय?"

व्हय म्हटलं असतं तर भागलं असतं. दिवसभर दमलेल्या माणसाला डुलकी लागते. चार शिव्या खाऊन नोकरी राहिली असती. भिमाच्या जिभेवर तो शब्द आला होता. पण मागं अबोली रडू लागली होती.

"न्हाय साहेब. अंधार पडला की मला दिसत न्हाय. दोन वर्सं झाली."

"दोन वर्षं? आणि माझी पोरगी रोज तुझ्याबरोबर शाळेला..."

"ती दिवसाची, साहेब. रातची कुणालाच कदी न्हेली न्हाय."

"आज नेलीस ना!"

"आधी सगळे उतरा," बाई म्हणाल्या. "आपण भर रस्त्यात आहोत."

वकील आणि बाई दोघांनाही गाडी चालवता येत नव्हती; त्यांनी ती ढकलून कडेला लावली. चौघं अंथुर्ण्याच्या थांब्याकडे चालू लागले. भिमाचा पाय दोनदा चरात गेला. मग बाईंनी त्याचा दंड धरला. एसटीत वकील एकटेच पुढच्या सीटवर बसले, मागं वळून न पाहता.

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात भिमानं गाडी आणली आणि किल्ली टेबलावर ठेवली. वकिलांनी वर पाहिलं नाही. महिनाभर त्यांनी त्याचं नावही काढलं नाही.

बाई मात्र त्याला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. पडद्याचा आजार, औषध नाही, पुढं दिवसाचंही कमी होत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. बारामतीच्या स्टँडवर उतरल्यावर भिमा म्हणाला, "बाई, दिसतंय तवर तुमास्नी गाडी शिकवतो."

फेब्रुवारीत रोज सकाळी पिंपळीच्या रस्त्यावर अ‍ॅम्बेसेडर आचके देत चालायची. शेजारी बसून भिमा ओरडायचा, "क्लच, बाई! आवो, क्लच!" आठ वर्षांत चढला नव्हता एवढा त्याचा आवाज चढायचा. बाई हसायच्या आणि पुन्हा गाडी बंद पाडायच्या.

पुढं त्यानं पिंपळीत सायकलचं दुकान टाकलं. पंक्चर बोटांना कळायचं. एका दुपारी बाई गाडी चालवत आल्या, शेजारी वकील. ते उतरून बाकड्यावर बसले.

"मला तेव्हाच सांगायचं होतंस."

"नोकरी ग्येली असती, साहेब."

भिमानं हात पुसले आणि शेजारच्या टपरीवर तीन चहा सांगितले.