पुंजाराम अण्णांनी काढलेली चूक

मुकुंदवाडीच्या वाचनालयात ऐतिहासिक कादंबरी आली की आधी ती पुंजाराम अण्णांच्या हातात जायची, मग बाकीच्यांच्या. असा काही नियम नव्हता. पण अण्णांनी अजून वाचली नाय म्हटल्यावर दुसऱ्यानं नेऊन करायचं काय? चांगली का भिकार, हे सांगणार कोण? ग्रंथपाल कडूबा तर सरळ म्हणायचा, अण्णांनी वाजवून घेतल्याशिवाय आमच्याकडं नाणं चालत नाय.

अण्णा मूळचे करमाडचे. घरची जमीन होती, पण माणूस नोकरीत रमला. सगळी हयात एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत, माइकवर गाड्या पुकारण्यात गेली. त्यामुळं आवाज असा, की वाचनालयात हळू बोलले तरी बाहेर पानटपरीवर ऐकू जायचं. रिटायर झाल्यावर माणसं तीर्थाला जातात, शेती बघतात, सुनेशी भांडतात. अण्णांनी कादंबऱ्या धरल्या. त्याबी ऐतिहासिकच. बाकीच्यांना ते 'रडगाणी' म्हणायचे.

आणि मतं विचाराल तर ऐकत राहावं. हल्लीच्या लेखकांवर त्यांचा भारी राग. म्हणायचे, आजकालच्या कादंबरीतला घोडा दमत नाय, दाणा खात नाय, लीद टाकत नाय, मग तो घोडा आहे का फटफटी? राणी बघावं तेव्हा खिडकीत उभी. अरे, तिला घरात काही काम? राजा बोलायला लागला की दोन पानं थांबत नाय, तोवर शत्रू काय चहा पीत बसतो? एका कादंबरीत शिवकाळातल्या पंगतीला बटाट्याची भाजी निघाली. ती भाजी अण्णांनी महिनाभर अख्ख्या मुकुंदवाडीला वाढली. दुसऱ्या एकानं आपला नायक देवगिरीवर एका दमात चढवला, तर अण्णा ते पुस्तक पिशवीत घालून दौलताबादला गेले, धापा टाकत वरपर्यंत चढले, आणि परत येऊन जाहीर केलं की लेखक पायथ्याला पेरू खाऊन माघारी गेलेला दिसतो.

पण खरा राग वेगळाच होता. आपली माणसं सगळी धुतल्या तांदळाची आणि पलीकडची सगळी काळ्या काळजाची, असं लिहिलेलं त्यांना अजिबात खपायचं नाय. "आपल्या बापाचं पाप झाकतो तो कादंबरीकार नव्हं, भाट," असं ते म्हणायचे, आणि वाचनालयाच्या वाचक कट्ट्यावर टाळ्या पडायच्या. टाळ्या अण्णांना आवडायच्या. खोटं कशाला बोला, कुणाला आवडत नाहीत?

अशात एक नवी कादंबरी आली. लिहिणाऱ्या बाई शहरातल्याच, कॉलेजात शिकवणाऱ्या. पोलीस ॲक्शनच्या आगंमागंच्या वर्षांवर लिहिलेली, आणि गावाचं नाव बदललेलं असलं तरी वाचणाऱ्याला पहिल्या पानात कळावं की हे करमाडच. बाईंनी गावोगाव हिंडून म्हातारी माणसं बोलती केली होती. कडूबानं पुस्तक कव्हर घालून अण्णांच्या हवाली केलं.

अण्णांनी ते घरी नेलं आणि निम्मं एका बैठकीत वाचलं. रझाकार येतात, गाव डोंगरात पळतं, मग ॲक्शन होते, फौज येते, निजामाचं राज्य जातं आणि गावात साखर वाटतात. तिथवर कुणीबी लिहील. बाई पुढं गेल्या होत्या. साखर वाटल्यावर आपल्याच माणसांनी गावातल्या मुसलमान पिंजाऱ्याचं, तांबोळ्याचं घर कसं लुटलं, तेबी त्यांनी लिहिलं होतं. अण्णा बायकोला, सरूबाईंना म्हणाले, बाई धीट आहे. सरूबाईंनी भाजी निवडता निवडता व्हय म्हटलं.

मग ते पान आलं. एका पाटलाची बायको बाळंतरोगानं जाते. मागं दोन महिन्यांचं पोर. ते काही केल्या वरचं दूध घेत नाय. शेजारच्या पिंजाऱ्याची बायको, जिच्या अंगावर स्वतःची लेक पिती आहे, ती उठून येते आणि पोराला उचलून पदराखाली घेते. वर्षभर एका बाजूला लेक, एका बाजूला हे पोर. ॲक्शननंतर पिंजाऱ्याचं घर लुटलं जातं, तेव्हा पोराचा बाप त्या कुटुंबाला बैलगाडीत घालून शहरात पोचवतो. आणि परत आल्यावर त्या बाईचं नाव घरात काढायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद देतो.

अण्णांनी पुस्तक मिटलं. ते पोर म्हणजे ते स्वतः होते.

पिंजाऱ्याच्या बाईचं नाव हुर्मतबी. अण्णांना हे कळलं ते स्वतःच्या लग्नात. मांडवात एक बाई नवी रजई घेऊन आली होती, तिनं स्वतः पिंजून भरलेली, आणि सोबत अण्णांच्याच वयाची लेक, जैनब. बाप बन्सी पाटील लोकांना म्हणाला, ओळखीची आहेत. पण आत्या दगडाबाईनं नवरदेवाच्या कानाला लागून सांगितलं, "पाया पड तिच्या. तिचं दूध पिलायस तू. बघ, ती पोरगी सगळ्यांपुढं परदा करती, तुझ्यापुढं नाय. तू दूधभाऊ तिचा." अण्णांनी आधी इकडं तिकडं बघितलं, कोण कोण बघतंय ते, आणि लांबूनच हात जोडले. पाया पडले नाहीत. पुढं हुर्मतबी वारल्याचा निरोप आला तेव्हा ड्यूटी होती. ड्यूटी बदलून मिळाली असती, कुणालाबी मिळायची. अण्णांनी मागितली नाय. हे सगळं त्यांनी सरूबाईंनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

आता ते छापून आलं होतं. नावं बदललेली, पण बाकी शब्द न् शब्द खरा. अण्णांना भीती वाटली, आणि भीतीच्या खाली कुठंतरी बरंबी वाटलं. कुणीतरी त्या माउलीचं नाव, नाव नाय तर निदान काम, कागदावर उतरवलं. कट्ट्यावर या पुस्तकाची तारीफ करायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

कट्ट्याला त्या रविवारी ही गर्दी. लेखिकाबाई स्वतः आलेल्या. करमाडहून भाऊबंद आलेले. जालन्याचे व्याही सहज म्हणून आले होते तेबी पुढंच बसलेले. दोघं तिघं पुस्तकाविषयी बोलले, चार शब्द चांगलेच बोलले. मग कडूबा हसत म्हणाला, आता अण्णा, सापडली का चूक? आणि अण्णा उठायच्या आत त्यांचा एक चुलतभाऊ मागून उभा राहिला. त्याचं म्हणणं, बाकी सगळं ठीक, लूटबीट झाली असंल, पण ते दूध पाजल्याचं पान काय म्हणून? पाटलाचं पोर पिंजाऱ्याच्या अंगावर? आपल्यात असं होत असतं का? अण्णा तुम्ही करमाडचे, तुम्ही सांगा.

सगळ्यांनी माना वळवल्या. व्याह्यांनीबी वळवली. अण्णा उभे राहिले, आणि मनात होतं एक अन् तोंडातून निघालं भलतंच.

"ते एक पान खोटं आहे," ते म्हणाले. "आई गेलेल्या लेकराला आमच्याकडं बकरीचं दूध पाजत्यात. कुणी पिंजाऱ्याच्या घरात नेऊन टाकत नाय."

टाळ्या पडल्या. त्या दिवशी त्या टाळ्या अण्णांना कानफटात बसल्यासारख्या लागल्या, पण शब्द तर निघून गेला होता.

लेखिकाबाई शांतपणे म्हणाल्या की मी हे मनानं रचलेलं नाही, ज्यांनी सांगितलं त्या इथंच आहेत. आणि त्यांनी बायकांच्या रांगेत बुरखा घालून बसलेल्या एका म्हातारीकडं हात केला. ती उठली. नकाबातून अण्णांकडं बघत राहिली. मग भाऊबंदांकडं बघितलं, फेटे, टोप्या, व्याही, सगळ्यांकडं.

"ऐकीव गोष्ट आहे, बाई," ती म्हणाली. "अम्मीनं सांगितलेली. माझी याद चुकली असंल. साहेब म्हणतात तेच खरं."

विषय संपला. चहा आला, माणसं पांगली. म्हातारी वाट काढत निघाली, कडूबापुढून, चुलतभावापुढून, व्याह्यांपुढून, सगळीकडं नकाब तोंडावर. अण्णांपुढं आली आणि तिनं तो दोन्ही हातांनी डोक्यावर सारला. सुरकुतलेलं, हसरं तोंड. कडूबाला वाटलं, बिचारीला उकडत असंल.

"कैसा है पुंज्या?" जैनब म्हणाली. "लई वाळलास रे."

अण्णांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भर सभेत त्यांनी तिच्या आईला खोटं पाडलं, तिनं तो खोटेपणा स्वतःच्या डोक्यावर घेतला, आणि वर भाऊ म्हणून तोंड उघडं केलं. अण्णा काय म्हणाले? म्हणाले, "या, बसा. चहा घ्या." ती अरे-तुरे करत होती आणि हा माणूस तिला अहो-जाहो. ती नक्को म्हणाली, नकाब खाली ओढला आणि गेली.

लेखिकाबाई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, तुमचे आभार मानले पाहिजेत, सांगणारीच जर याद चुकली म्हणते तर दुसऱ्या आवृत्तीत मी ते दुरुस्त करीन. अण्णांनी तेव्हा तोंड उघडायचं होतं. एक शब्द पुरला असता. ते म्हणाले, "बघा तुम्ही."

त्यानंतर अण्णांनी कुठल्या पुस्तकावर मत दिलं नाय. कडूबानं नवी पुस्तकं पुढं केली की म्हणायचे, डोळ्याला त्रास होतो. घरी जेवण निम्म्यावर सोडायचे. शेवटी सरूबाई खनपटीलाच बसल्या, तेव्हा त्यांनी लग्नातल्या रजईपासून सगळं सांगितलं. सांगताना त्यांना रडू आलं. सरूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? जिला सांगायचं तिला जाऊन सांगा. आन् त्या बाईंना फोन करा." फोन कराय काय लागतं? पण आज करू, उद्या करू, व्याही जाऊ देत, सणवार होऊन जाऊ दे, असं चाललं. लाज अशी, की ती झाकायला आणखी लाजिरवाणं वागायला लावते. अण्णांनी फोन केला नाय.

वर्ष सरायच्या आत दुसरी आवृत्ती आली. कडूबा पुस्तक घेऊन धावत घरीच आला. पहिल्याच पानावर लेखिकेनं आभार मानले होते: एक गंभीर चूक दाखवून दिल्याबद्दल मुकुंदवाडीचे चोखंदळ वाचक श्री. पुंजाराम अण्णा यांचे. वाचनालयात सत्कार ठरला होता, हार सांगितला होता. अण्णांनी पुस्तक हातात घेतलं, चपला घातल्या आणि कडूबाला दारात तसंच सोडून ते रिक्षानं किराडपुऱ्यात, जैनबच्या मोहल्ल्यात गेले. रिक्षात त्यांनी ते पान शोधून बघितलं.

पत्ता विचारत विचारत सापडला. जैनबचा मुलगा गाद्या-रजया भरायचा, त्याला तिथं सगळे ओळखत होते. जैनबनं बाजेवर चादर घालायला लावली, सुनेला चहा सांगितला, आणि अण्णांच्या हातातलं पुस्तक बघून खूश झाली. बाईंनी मलाबी पाठवलंय म्हणाली, ते कपाटावर ठेवलंय. मराठी तिला बोलता यायची, वाचता यायची नाय. पोरांना वेळ नसतो. बरं झालं तू आलास.

"अम्मीचं पान काढ," ती म्हणाली. "वाच मला."

अण्णांनी पुस्तक उघडलं नाय. "ते पान नाय आता," ते म्हणाले. "बाईंनी काढलं. माझ्या बोलण्यावरून काढलं. मी खोटं बोललो, जैनब. मला माहीत होतं. लग्नापासून माहीत होतं."

"तुला माहीत होतं ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर मी बसले खाली. तुझी माणसं बसली होती, तुझी इज्जत जाईल वाटलं. पण बाई शिकलेली आहे, तिला कळेल, असं वाटलं मला."  मग तिनं विचारलं, "आन् ते पोर? मेलं का मग किताबात?"

"नाय. जगलं."

"कुणाच्या दुधावर?"

अण्णांनी पुस्तक मांडीवरून बाजेवर ठेवलं. तिनं परत विचारलं.

"बकरीच्या," ते म्हणाले.

जैनब बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून ती हसायला लागली, हसता हसता आत सुनेला हाक मारून म्हणाली, "सुनी क्या गे? हमारे भाई ने अम्मी कू बकरी बना डाला." सून दारात आली, पाव्हण्याचं तोंड बघितलं आणि न हसता आत गेली. जैनबचं हसू थांबलं तरी डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. अण्णांनी तिच्या पायाला हात लावायला वाकायचं केलं, तर तिनं पाय बाजेवर ओढून घेतले.

"ते राहू दे," ती म्हणाली. "तू वाच. बकरीचंच वाच. काय लिवलंय ते मला कळू तरी दे."

अण्णांनी पान काढलं आणि वाचायला सुरुवात केली. आवाज निघत नव्हता, तर ती म्हणाली, मोठ्यानं वाच, मला ऐकायला कमी येतं.