बारा नळ्यांवरची नावं

बुधवारी सकाळी भार्गवीनं सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, ही अंडी फुटलीत, अळ्या निघाल्यात. ही फुटायला नको होती."

"आन् दुसरी?"

"दुसरी फुटायला हवी होती. ती तशीच पडलीत. बाराच्या बारा नळ्या उलट्या."

प्रेमलानं हातातलं कापसाचं बूच खाली ठेवलं. नांदेडच्या त्या महाविद्यालयात ती सोळा वर्षं फळमाश्या सांभाळत होती. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून काचेच्या नळ्यांत ओतायचं, जुन्या नळीतल्या माश्या नव्या नळीत झटकायच्या, वर बूच लावायचं. नेमणूक कराराची, दर अकरा महिन्यांनी नवी. लातूरच्या भूकंपाच्या साली ती वीस वर्षांची होती. त्या पहाटे ती माहेरी, शिरूर अनंतपाळला होती, म्हणून वाचली. सासरी घर राहिलं नाही आणि नवराही. दहावी झालेली, अक्षर छापल्यासारखं, म्हणून पत्र्याच्या शेडमधल्या कुटुंबांच्या याद्या लिहायला तिला बसवलं. पुढं भावाकडे नांदेडला आली, तेव्हा नळ्यांवर नावं लिहायला असंच अक्षर हवं होतं. स्वतःबद्दल ती याहून जास्त सांगत नाही.

पीएच.डी. करणाऱ्या भार्गवीचा प्रयोग तिला तोंडपाठ होता. माशीच्या डीएनएत एक तुकडा असतो, जो एका जागी राहत नाही. स्वतःची नक्कल करून भलतीकडे जाऊन बसतो आणि तिथलं बिघडवतो. प्रेमला त्याला 'उंडगा' म्हणायची. रानातल्या सगळ्या माश्यांत तो असतो, तरी त्यांचं बरं चालतं, कारण आई अंड्यातच आरएनएचे बारीक बारीक तुकडे ठेवून जाते. ते उंडग्याला ओळखतात आणि गप्प बसवतात. बाप असं काही देत नाही. प्रयोगशाळेतल्या जुन्या वाणाच्या माश्या उंडगा रानात पसरण्याआधीपासून बाटलीत वाढलेल्या. त्यांच्याकडे ना तो, ना त्याला आवरण्याइतके बारीक तुकडे. म्हणून आई लॅबची आणि बाप रानातला असेल, तर उंडगा लेकीच्या अंडाशयात मोकाट सुटतो. लेक दिसायला धडधाकट, अंडीही घालते, पण ती फुटत नाहीत. आई रानातली असेल तर सगळं सुरळीत. रानातल्या माश्या प्रेमलानंच अर्धापूरच्या केळीच्या ढिगावरून धरून आणल्या होत्या.

दुपारी राघवेंद्र सर आले. भार्गवीचे मार्गदर्शक. त्यांनी अंड्यांच्या बारा ताटल्या, दर नळीमागे एक, एकामागून एक पाहिल्या.

"मावशी, नळ्या बदलल्या का?"

"न्हाई सर."

"पडल्या? चिठ्ठ्या निघाल्या, परत चिकटवल्या?"

"न्हाई."

"मग मूळ बाटल्यांचीच अदलाबदल झालीय. कधी झाली, कुणास ठाऊक. सोळा वर्षांत कितीदा झाली असेल?" सरांनी आवाज चढवला नाही, आणि ते जास्त लागलं. "शनिवारी संस्थेचे लोक येतायत. क्लासवाल्यांना ही खोली हवीय. बारावीच्या दोन बॅचेस बसतात म्हणे इथं. त्यांना मी काय दाखवू? शुक्रवारी दुपारी मलप्पाकडून माश्यांचा सगळा स्टॉक उकळून टाका. भरवसा राहिला नाही. तुमच्या पुढच्या कराराचंही मला बघावं लागेल."

भार्गवी खाली बघत होती. सरांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी नळ्यांत जोड्या लावायच्या त्या आठवड्यात भार्गवी इथं नव्हतीच. ती लातूरला एका क्लासच्या क्रॅश कोर्सला जीवशास्त्र शिकवत होती. कुठल्या नळीत काय, एवढी चिठ्ठी लिहून गेली होती. अजून नराला न भेटलेल्या कुवार माद्या वेचण्यापासून सगळं प्रेमलानं एकटीनं केलं होतं.

गुरुवारी शिपाई मलप्पा देगलूरहून लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आला. पुतण्याचं लग्न होतं.

"अक्का, पाकिटावर नावं घाल की. माझं अक्षर बघून पाव्हणे यायचे न्हाईत."

"माझा जीव कुठं हाय आन् तुला पाकिटं सुचून राहिली."

"हात हलता ठेव. बसून बसून येडी होशील."

तिनं नळ्यांवर लिहायचाच पेन घेतला. श्री. व सौ. श्री. व सौ. सातव्या पाकिटावर पेन थांबला.

ती उठली, कपाटातून भार्गवीची चिठ्ठी काढली. 'लॅब × अर्धापूर, सहा. अर्धापूर × लॅब, सहा.' पहिलं नाव नराचं, असं धरून तिनं नळ्या लावल्या होत्या. लॅबचे नर, अर्धापूरच्या माद्या. क्षणभरही शंका आली नव्हती. शेडमधल्या याद्यांत आधी पुरुषाचं नाव, मग बायकोचं. पुरुष मेलेला असला तरी त्याचंच आधी; स्वतःचं नावही तिनं तसंच, नवऱ्याच्या नावानंतर लिहिलं होतं.

"काय झालं अक्का?"

"काही न्हाई. राहू दे ती पाकिटं."

सांगितलं, तर चूक आपली. सर म्हणणार, बघा, मी म्हणालो तेच. नाही सांगितलं, तर चूक कुणाचीच नाही, पण माश्या उकळणार. रात्रभर तिनं काहीच ठरवलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिनं भार्गवीला चिठ्ठी दाखवली.

"मावशी, आईचं नाव आधी असतं. नेहमी. सगळ्या जगात."

"मला कुणी सांगितलं?"

भार्गवीनं चिठ्ठी परत दिली. मग म्हणाली, "सरांना सांगितलं तर मी नव्हते, हे कळेल."

"मी माझं सांगते, ताई. तुमचं तुम्ही बघा."

सर तासावरून यायला साडेबारा वाजले. प्रेमला दारातच उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. सर ऐकत राहिले.

"आधी नर असतो, असं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"हे कुणी शिकवावं लागतं व्हय, सर?"

सरांनी चिठ्ठी मागून घेतली. ती वाचून विचारलं, "जोड्या लागल्या तेव्हा भार्गवी कुठं होती?"

प्रेमला टेबलावरचा कापूस गोळा करू लागली.

"लातूरला, सर," मागून भार्गवी म्हणाली. "क्लासवर. आठ दिवस."

सरांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. फळ्याशी जाऊन बारा नळ्यांची नावं उलटी लिहिली, पुढं फुटलेल्या अंड्यांचे आकडे. आकडे तंतोतंत बसले. खडू हातातच राहिला.

"म्हणजे स्टॉक नीट आहे."

"नीटच हाय सर. म्या कवा..." वाक्य अर्धंच टाकून तिनं मागच्या खोलीकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, "मलप्पा!"

ती धावली. मागच्या खोलीत कुकरची शिट्टी नुकतीच झाली होती. मलप्पा दुसरा ट्रे उचलून उभा होता.

"ठेव खाली! ठेव म्हणते ना!"

"सरांनीच सांगितलंय की..."

"ठेव रे बाबा."

पहिल्या ट्रेतल्या लॅबच्या वाणाच्या चाळीस नळ्या गेल्या होत्या. दुसऱ्या ट्रेत तोच वाण अठरा नळ्यांत होता. प्रेमलानं त्या एकेक करून उजेडात धरल्या. माश्या चालत होत्या. कालच बोलले असते तर चाळीस वाचल्या असत्या, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

शनिवारी संस्थेचे तिघं आले. त्यातल्या एकानं विचारलं, "सर, या चिलटांचं करायचं काय?" सरांनी बारा ताटल्या दाखवल्या, चूक काय झाली तेही सांगितलं, आणि वर म्हणाले, "हे परत लावून बघावं लागेल. तीन आठवडे."

"पंधरा दिवसांत नाही का होत? क्लासवाले घाई करून राहिलेत."

"माशीला घाई करता येत नाही," सर म्हणाले.

ते गेल्यावर सरांनी स्टूल ओढलं आणि प्रेमलासमोर बसले. भार्गवीला त्यांनी वहीत लिहायला लावलं, मागच्या जोड्या कुणी लावल्या आणि स्वतः ती कुठं होती. लातूरचा क्लास सोडल्याचं पत्र सोमवारी टेबलावर हवं होतं.

"माझं काय, सर?" प्रेमलानं विचारलं.

"तीन आठवड्यांनी अंडी मोजू. मग बघू."

तिनं मान हलवली. त्या सकाळी बाहेर पडलेल्या कुवार माद्या पांढऱ्या कागदावर ईथरनं निपचित पडल्या होत्या. त्या जाग्या व्हायच्या आत काम उरकायचं होतं. तिनं ब्रशच्या टोकानं लॅबच्या पाच माद्या वेगळ्या केल्या आणि नळीत सोडल्या. मग अर्धापूरचे पाच नर. सर तिच्या हाताकडे बघत होते. नळीच्या चिठ्ठीवर 'लॅब' लिहून ती थांबली. त्याखाली कंसात तिनं 'आई' असं लिहिलं, आणि पुढची नळी घेतली.