खांद्यावरचा हात

इथल्या शेजारच्या शकुंतलामावशींनी ओळीखाली बोट ठेवून मला इंग्रजी वाचायला शिकवलं, म्हणून हे दिसलं तरी. सातवीत शाळा सुटलेली मी, आज परदेशातल्या लायब्ररीत पुस्तकं लावते. हे कामही त्यांनीच मिळवून दिलं.

परवा ‘सोल’ संगीत गाणाऱ्या एका दिवंगत गायिकेची तीन चरित्रं परत आली. एक बहिणीचं, एक नवऱ्याचं, एक मुलाचं. तिन्हींत फोटो एकच, कार्यक्रमाआधीचा. बहिणीनं नवऱ्याला कापलंय, नवऱ्यानं बहिणीला, मुलानं दोघांनाही. पण गायिकेच्या खांद्यावरचा, सुईदोरा धरलेला हात तिन्हीकडे उरलाय. तो कुणाचा, हे एकानंही लिहिलेलं नाही.

"झगा शिवणारीचा असेल," मावशी म्हणाल्या. "तिचं नाव कोण छापतंय? माणूस गेल्यावर सगळे सख्खे होतात गं."

माझं डोकंच फिरलं. पानोपानी नुसतं ‘माझी, माझी’! घरातली भांडी वाटावीत तसा त्या बाईचा आवाज वाटून घेतला निर्लज्जांनी. चिडून पुस्तकं फळीवर आपटली आणि मला माझाच एक फोटो आठवला.

सगळं स्वतःच्या हिमतीवर केलं असं वाटावं, म्हणून गावी पाठवलेल्या फोटोतून मीही मावशींना कापलं होतं. आईनं फोनवर विचारलंही, "खांद्यावर बोटं कुणाची गं?"

"असंच कुणीतरी," मी म्हणाले होते.

मावशी, एक दिवस तुम्हाला गावी नेईन. आईसमोर उभं करीन आणि सांगेन, ती बोटं यांची.