जर्मन टेलरचं माप

शेलूबाजारच्या जर्मन टेलरला माणसांची नावं आठवत नसत, मापं आठवत. कुणी गेल्याची बातमी आली की तो सुई दातांत धरून विचार करी आणि म्हणे, "कोन गेला? छाती छत्तीस, खांदा जरा उतरता? अरेरे! भला मानूस होता."

तो जर्मन झाला तो मशीनमुळे. हिटलरच्या लढाईच्या आधी त्याने अकोल्याहून एक जुनी जर्मन मशीन आणली होती. तिच्यावर कुणालाच न वाचता येणारी सोनेरी अक्षरं होती. स्वतः हा अकोल्याच्या पुढे कधी गेला नव्हता, पण गावाने त्याला जर्मन करून टाकलं आणि त्यानेही हरकत घेतली नाही. गिऱ्हाईक घाई करू लागलं की त्याचं एकच वाक्य असे, "मापाशिवाय माही कैची चालत नाई. लाटसाहेब का येईना."

या वाक्याचा आमच्या घराला फार राग होता. बेचाळीस साली माझा शामकाका टेलिग्राफच्या तारा तोडून पळाला, तेव्हा पोलिसांनी त्याचा सदरा ओळखून ठेवला होता. तो धापा टाकत जर्मनच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "दुसरा सदरा दे, कोनाचाबी दे." जर्मन त्या वेळी पोलिसांच्याच खाकी चड्ड्या शिवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "तुहं माप नाई माह्यापाशी." काका दुकानासमोरच पकडला गेला. कोठडीतून परतला तो लंगडत. तेव्हापासून आमच्या घरची चोळीसुद्धा शिवायला मंगरूळपीरला जाऊ लागली. आजी म्हणायची, "उघडे राहू, पन त्याच्या हातचं घालनार नाई." मंगरूळपीरच्या शिंप्याचं काम पाहता ती वेळ फार लांब नव्हती.

स्वातंत्र्य आलं त्या आठवड्यात जर्मनने इतक्या गांधीटोप्या शिवल्या की बाजारातली खादी संपली. गोऱ्या साहेबाच्या स्वागताला कमानी उभारणारे पाटील सहा घेऊन गेले. जर्मन डोळा मिचकावून सांगे, "डोकं तेच हाये, बाप्पा. बावीस इंच."

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी बाजारात सिनेमाचा तंबू लागला. खेळ हनुमानाचा होता. वाशीम स्टेशनावरून आलेला रिळांचा डबा उघडला, तर आत भलताच सिनेमा निघाला आणि त्यावरची अक्षरं थेट जर्मनच्या मशीनवरच्यासारखी! लोक आत बसून शिट्ट्या मारू लागले होते. तंबूवाल्या शेठला घाम फुटला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "जर्मनले बोलवा! त्याले येते!" आणि तो खरोखर आला. अर्थ सांगायला शेठचा भोंगा हातात घेऊन म्हणाला, "वीस वर्सं मशीनसंगं बोलून राह्यलो. थोडी तं येतेच."

नशीब असं की सिनेमाही शिंप्याचाच होता. लढाईत बेचिराख झालेलं गाव, विटांच्या ढिगात एक दुकान. लोक गुपचूप फौजी कोट घेऊन येतात, तो बिल्ले उसवतो, बटणं बदलतो, कापड रंगवतो. जर्मन रंगात आला. "हा पाहा, कालचा फौजदार! म्हनते, मी नोहतोच हिटलरच्या पार्टीत. आता हाच नगराध्यक्ष होते का नाई पाहा. अस्तर तेच हाये!" आणि तो झालाही. सगळा तंबू पुढच्या खुर्चीवरच्या पाटलांकडे वळून हसला. पाटलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग पडद्यावर एक बाई कोट घेऊन आली. शिंप्याकडे बघत काहीतरी बोलली. शिंप्याचा पाय मशीनवर चालतच राहिला. भोंगा गप्प झाला. "बोल ना बे!" लोक ओरडले.

"ते म्हनते," जर्मन हळू बोलला, "माह्या मानसाले तुह्या दुकानापुढून धरून नेलं, तवा तू काय करून राह्यला होता?" "तो म्हनते, मी शिवत होतो." मग भोंग्यातून आला तो त्याचा नेहमीचा आवाज नव्हता. "मीबी शिवतच होतो. शामभाऊ आला तवा. मापाचं खोटं होतं. मले भेव वाटलं."

पुरुषांच्या बाजूने शामकाका उठला आणि लंगडत बाहेर गेला. मी बायकांच्या बाजूला रडत होते.

पुढे पुण्यात शिकताना तोच सिनेमा मी पुन्हा पाहिला, जर्मन भाषा समजणाऱ्या मंडळींसोबत. ती बाई एवढंच विचारते, "कोट कधी मिळेल?" प्राध्यापक म्हणाले, या दिग्दर्शकाचं हेच वैशिष्ट्य. लढाईनंतर त्या देशात ढिगारे उपसले गेले, नवे कोट आले, पण 'तेव्हा तू कुठे होतास' हे कुणी कुणाला विचारीना. हा माणूस प्रत्येक सिनेमात तो न विचारलेला प्रश्न मधोमध ठेवतो. यावर ते दीड तास बोलले. मला हसू आलं. एक अक्षर कळत नसताना आमच्या जर्मनने नेमका तोच प्रश्न ऐकला होता.

तंबूतल्या त्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका खादीचा तुकडा घेऊन जर्मनच्या दुकानात गेला. मी मागोमाग होते. कापड टेबलावर टाकून तो म्हणाला, "पायजमा शिव. घे माप."

जर्मनने खाली बसून उजव्या पायाला टेप लावली. मग डाव्या पायाला लावली. ती पुन्हा लावली. बराच वेळ तो तसाच काकाच्या पायाशी बसून होता.

मंगरूळपीरच्या शिंप्याने इतकी वर्षं दोन्ही पाय सारखेच बेतले होते. काकाच्या पायजम्याचा डावा पाय कायम धुळीत घासत जाई आणि आम्हाला वाटे, लंगड्याचं असंच असतं. जर्मनने डावा पाय दीड इंच आखूड शिवला. काका तो घालून अंगणात चालला, तेव्हा आजी ओट्यावरून त्याच्या पायांकडेच बघत होती.

"कसा आला?" तिने विचारलं.

"मापात," काका म्हणाला.